उसन्या जगातला सिनेमा

खानदेशच्या उंबरठ्यावरच्या मालेगावात नासिर शेख यांनी 2000 साली ‘मालेगाव के शोले’ काढला. कथा उसनी, पात्रे उसनी. पुढे त्याच मंडळींनी सायकलची ट्रॉली आणि बैलगाडीची क्रेन केली, आणि ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटाने त्यांना दूरवर पोचवले. त्यांच्या धडपडीला आपण कौतुकाने सिनेमा म्हणतो. व्हिडिओ गेमच्या आत चित्रपट करणाऱ्यांना मात्र ‘गेम खेळणारी पोरं’ यापलीकडे मोजत नाही. हा दुजाभाव टिकणारा नाही.

या प्रकाराला मशिनिमा म्हणतात. 1996 मध्ये ‘क्वेक’ या मारधाडीच्या खेळात ‘डायरी ऑफ अ कॅम्पर’ ही दोन मिनिटांच्या आतली फिल्म झाली. 2003 च्या ‘रेड व्हर्सेस ब्लू’ मालिकेपुढे अडचण वेगळीच होती: ‘हेलो’ या खेळातल्या सैनिकांच्या बंदुका कायम रोखलेल्या, मग ते निवांत गप्पा मारताना दाखवायचे कसे? पिस्तूल घेऊन नजर पार खाली वळवली की खेळातल्या एका चुकीमुळे पात्र समोर पाहते आणि पिस्तूल खाली येते, हे मालिका करणाऱ्यांनी हेरले. दिग्दर्शन याहून वेगळे काय असते? 2005 मध्ये फ्रान्समध्ये दंगली उसळल्या, तेव्हा अ‍ॅलेक्स चॅन यांनी ‘द मूव्हीज’ या खेळात ‘द फ्रेंच डेमॉक्रसी’ केली. खेळात पॅरिस नव्हतेच. न्यूयॉर्कसारख्या दिसणाऱ्या नेपथ्यावर भागवले. पण सांगायचे ते पोचले.

जग दुसऱ्याने रचलेले, मग यांचे काय, असे विचारतात. मुंबईचा रस्ताही दिग्दर्शकाने बांधलेला नसतो. कॅमेरा कुठे ठेवला आणि प्रसंग कुठे तोडला, तेवढेच त्याचे. चेहऱ्यावर भाव उमटत नाहीत, ही तक्रार खरी आहे. म्हणूनच या प्रकारात विनोद जितका खुलतो तितके दुःख खुलत नाही. 2024 च्या ‘ग्रँड थेफ्ट हॅम्लेट’ या खेळातच टिपलेल्या फिल्मने ती उणीव बरीचशी आवाजावर निभावली. मालकीचा आक्षेप सर्वांत जड. खेळ कंपनीचा, परवानगी सरकारची. सप्टेंबर 2020 मध्ये पबजी मोबाइलवर बंदी आली, 2022 मध्ये फ्री फायरवर. पण खेळ गेला तरी त्यात टिपलेली फिल्म राहते, हे चित्रपट करण्याच्या बाजूचेच कारण नव्हे काय?

मोबाइलवरून घरोघरी वाद होतात, ते आम्ही नाकारत नाही. तरी भुसावळ, जळगाव, धुळ्याच्या मुलांना आमचे सांगणे आहे: खेळाच्या जगात लेवा गणबोलीत, अहिराणीत बोलणारी पात्रे आणा आणि फिल्म आमच्याकडे पाठवा. पुढच्या दिवाळी अंकात तिच्यावर सिनेमा म्हणूनच लिहू, वाईट असेल तर वाईट म्हणून.