अतिमानवाचा चुकलेला हिशेब

रिचर्ड डॉनर यांनी दिग्दर्शित केलेला ‘सुपरमॅन’ हा चित्रपट १९७८ च्या डिसेंबर महिन्यात अमेरिकेत प्रदर्शित झाला. माणूस उडू शकतो यावर प्रेक्षकांचा विश्वास बसेल, असे आश्वासन त्याच्या जाहिरातीत देण्यात आले होते. चित्रपटाच्या पडद्यावर संगणकाचे राज्य सुरू होण्यापूर्वीच्या त्या काळात हे आश्वासन धाडसाचेच होते. आज कोणत्याही चित्रपटात माणसे उडतात, नगरे कोसळतात, ग्रह फुटतात आणि प्रेक्षक त्याकडे फारशा कुतूहलाने पाहतही नाही. साहजिकच, जवळजवळ अर्धशतकापूर्वीचा हा चित्रपट आज टिकतो काय, असा प्रश्न विचारला जातो. ही चर्चा बहुधा उड्डाणाच्या दृश्यांपाशी सुरू होते आणि तेथेच संपते. वास्तविक कथेची कसोटी यंत्राने लागत नाही. कथेने स्वतःच मांडलेला हिशेब ती शेवटपर्यंत पाळते की नाही, यावर ती लागते. ‘सुपरमॅन’ या कसोटीवर बराच काळ उतरतो आणि अगदी अखेरीस घसरतो. त्याचे यश आणि अपयश दोन्ही आजच्या प्रेक्षकाने नीट पाहण्यासारखी आहेत.

जे जुने झाले आहे ते आधी मान्य केले पाहिजे. काही दृश्यांत उडणाऱ्या आकृतीची कड पार्श्वभूमीपासून वेगळी दिसते. खलनायकाचा मदतनीस ओटिस याचे विनोद थिल्लर वाटतात. आकाशातून विहार करताना लुईस लेन मनातल्या मनात जे पद्यमय स्वगत म्हणते, ते आज कंटाळवाणे होते. नायक त्याच्या परिचित वेषात पडद्यावर येण्यास पाऊण तासाच्या आसपास वेळ लागतो, हीही तक्रार ऐकू येते. परंतु ही तक्रार रास्त नाही. कारण त्या अवधीतच चित्रपटाचा पाया घातला जातो.

तो पाया म्हणजे स्मॉलव्हिल या खेड्यातील गव्हाची शेते, वृद्ध शेतकरी दांपत्य आणि एक मृत्यू. छायाचित्रणकार जेफ्री अन्सवर्थ यांनी ही शेते ज्या मृदू प्रकाशात टिपली, ती पाहताना आजही डोळे निवतात. चित्रपट प्रदर्शित होण्यापूर्वीच, १९७८ च्या ऑक्टोबरात, त्यांचे निधन झाले आणि चित्रपट त्यांनाच अर्पण करण्यात आला. या शेतांच्या परिसरातच जोनाथन केंट हृदयविकाराच्या झटक्याने कोसळतो. आगगाडीशी शर्यत लावणारा मुलगा जवळ असूनही काही करू शकत नाही. एवढे सामर्थ्य असूनही आपण वडिलांना वाचवू शकलो नाही, ही त्याची वेदना थडग्यापाशी शब्दरूप घेते. सामर्थ्य अमर्याद असले तरी त्याला मर्यादा आहे, हा या कथेचा पहिला नियम येथे ठरतो.

दुसरा नियम ख्रिस्तोफर रीव्ह या नटाने आपल्या शरीराने ठरविला. वृत्तपत्रातील नोकरीच्या पहिल्याच दिवशी क्लार्क केंट आपल्या संपादकाला विनंती करतो, की पगारातील अर्धी रक्कम दर आठवड्याला आईच्या पत्त्यावर पाठविली जावी. ग्रह हलविण्याची ताकद असलेला हा माणूस पगारदार आहे, आणि घरी पैसे पाठविणारा पगारदार आहे. एरवी पाठीत पोक काढून, अडखळत बोलत तो वावरतो. पुढे लुईसच्या घरी एक क्षण येतो. ती आतल्या खोलीत आहे. खरे सांगून टाकावे असे क्लार्कच्या मनात येते. तो चष्मा काढतो, खांदे मागे जातात, पाठीचा कणा ताठ होतो, आवाज खाली उतरतो. आणि त्याच खोलीत, त्याच कोटात दुसराच माणूस उभा राहतो. ती परत येते, त्याचा धीर खचतो, आणि पोक पुन्हा परत येते. चित्रपटाचा खर्च सुमारे साडेपाच कोटी डॉलर सांगितला जातो. पण या क्षणासाठी अभिनयाखेरीज काहीही लागले नव्हते. रीव्ह १९९५ साली घोड्यावरून पडून मानेखाली पंगू झाले आणि २००४ साली त्यांचा मृत्यू झाला. ते ठाऊक असलेल्या प्रेक्षकाला हा ताठ होणारा कणा आज अधिकच अस्वस्थ करतो. उड्डाणाची दृश्ये जुनी झाली. हे दृश्य जुने झालेले नाही.

याहून महत्त्वाची, परंतु क्वचितच लक्षात घेतली जाणारी गोष्ट म्हणजे खलनायकाचा गुन्हा. लेक्स ल्यूथर याला जगाचे सिंहासन नको आहे. त्याला जमीन हवी आहे. शेअर्स चढतात-पडतात, उद्योग बुडतात. परंतु माणसांना जमीन नेहमीच लागते आणि तिच्यासाठी ती वाटेल ती किंमत मोजतात, ही वडिलांची शिकवण तो अभिमानाने सांगतो. कॅलिफोर्नियातील सॅन आंद्रेआस भूभंगाच्या पूर्वेस असलेली ओसाड वाळवंटी जमीन त्याने स्वस्तात खरेदी केली आहे. भूभंगावर अण्वस्त्र टाकून पश्चिमेकडील किनारपट्टी समुद्रात बुडवायची, म्हणजे त्याचे वाळवंट हाच नवा समुद्रकिनारा होईल, असा त्याचा बेत आहे.

यातील भूगर्भशास्त्र भाबडे आहे. त्या भूभंगावर भूकवचाचे दोन तुकडे एकमेकांच्या बाजूने सरकतात. १९०६ साली सॅन फ्रान्सिस्को उद्ध्वस्त करणारा भूकंप त्यातूनच झाला. तथापि त्यामुळे कॅलिफोर्निया समुद्रात बुडत नाही. मात्र ल्यूथरचे अर्थशास्त्र बिनचूक आहे. जमिनीचा खंड हा तिच्या सुपीकतेतील आणि स्थानातील फरकातून उत्पन्न होतो, हे डेव्हिड रिकार्डो यांनी १८१७ मध्येच दाखवून दिले होते. मालकाने काहीही न करता जमिनीचे मोल कसे वाढते आणि त्यातून प्रगतीच्या पोटीच दारिद्र्य कसे जन्मते, याचे विवेचन हेन्री जॉर्ज यांनी १८७९ साली केले, तेही सॅन फ्रान्सिस्कोत राहूनच. ल्यूथर हा या विचाराचा क्रूर विद्यार्थी आहे. जमिनीचे स्थान सुधारण्याची वाट पाहण्याऐवजी तो नकाशाच बदलू पाहतो, आणि लक्षावधी माणसांचा मृत्यू त्याच्या लेखी केवळ एक खर्चाची बाब आहे. २००६ च्या ‘सुपरमॅन रिटर्न्स’मध्ये ल्यूथर नवा भूखंडच निर्माण करतो. २०२५ च्या नव्या ‘सुपरमॅन’मध्येही एका देशाने दुसऱ्यावर केलेल्या आक्रमणातून त्याला जमिनीचाच वाटा हवा असतो. वेष बदलले, यंत्रे बदलली. जमिनीची हाव मात्र कथेला पुन्हा पुन्हा लागली. १९७८ च्या चित्रपटाचे हे अंग आजही तंतोतंत लागू पडते.

येथवर हिशेब बरोबर आहे. कथेचा खरा कस लागतो तो यापुढे. ल्यूथरने दोन क्षेपणास्त्रे दोन दिशांना सोडली आहेत : एक पश्चिमेला भूभंगाकडे, दुसरे पूर्वेला न्यू जर्सीतील हॅकेन्सॅक या गावाकडे. क्रिप्टोनाइटमुळे हतबल झालेल्या नायकाला ल्यूथरची सहचरी मिस टेशमाकर सोडविते. पण हॅकेन्सॅकमध्ये तिची आई राहते, म्हणून आधी पूर्वेकडील क्षेपणास्त्र अडवीन, असे वचन ती त्याच्याकडून घेते. तो वचन देतो आणि पाळतो. परिणामी पश्चिमेकडील स्फोट होतो. तो भूभंग सावरतो, पुलावरून घसरणारी शाळेची बस वाचवितो, तुटलेल्या रुळाच्या जागी स्वतःचे शरीर घालून आगगाडी पार करतो. या धावपळीत लुईस लेन आपल्या मोटारीत मातीखाली गाडली जाते.

साधने मर्यादित असतात आणि गरजा अनेक. म्हणून निवड करावी लागते, आणि प्रत्येक निवडीत सोडून दिलेल्या गोष्टीची किंमत मोजावी लागते. अर्थशास्त्राच्या पहिल्या धड्यात विद्यार्थ्याला हेच शिकविले जाते. आईचे औषध की मुलाची फी, असा प्रश्न ज्या घरात महिनाअखेरीस पडतो, तेथे हा धडा पुस्तकावाचूनही समजतो. सर्वशक्तिमान नायकावरही हीच वेळ आणणे, हे या चित्रपटाचे मोठेपण होते. एका अनोळखी वृद्धेसाठी दिलेल्या वचनाची किंमत प्रिय व्यक्तीच्या प्राणांनी चुकवावी लागली, एवढे सांगून कथा थांबली असती, तर ती थोर शोकांतिकेच्या जवळ पोचली असती.

परंतु ती थांबत नाही. मानवी इतिहासात हस्तक्षेप करू नकोस, ही जन्मदात्या पित्याची आज्ञा झुगारून नायक पृथ्वीभोवती घिरट्या घालतो, काळ मागे फिरतो आणि लुईस जिवंत होते. मग ज्या वडिलांच्या थडग्यापाशी तो असहायपणे उभा होता, त्या मृत्यूचा अर्थ काय उरला? वचनाची किंमत परतच मिळत असेल, तर वचन पाळण्यात पराक्रम तो कोणता?

अद्भुत कथेला तर्कशास्त्र लावू नये, ती मुलांसाठी असते, असे यावर म्हटले जाईल. हा युक्तिवाद लंगडा आहे. अद्भुत कथेने कोणतेही नियम करावेत. माणूस उडतो हा नियम कोणी नाकारीत नाही. परंतु नियम एकदा केले, की ते पाळावेत एवढीच अपेक्षा असते, आणि ती मुलेच अधिक कठोरपणे करतात. खेळात मध्येच नियम बदलणाऱ्याला मुले खेळातून बाद करतात.

हा शेवट असा का झाला, याचे कारणही उद्‌बोधक आहे. पहिल्या आणि दुसऱ्या भागाचे चित्रीकरण एकाच वेळी सुरू होते आणि काळ मागे फिरविण्याची युक्ती मुळात दुसऱ्या भागासाठी योजलेली होती. पहिला भाग दणक्यात संपावा म्हणून ती अलीकडे ओढण्यात आली. पुढील वर्षाचे उत्पन्न चालू वर्षातच खर्ची टाकण्याचा हा प्रकार होय.

ही एका चित्रपटाची चूक म्हणून सोडून देता आली असती. पण पुढे तिची प्रथा झाली. अलीकडच्या अतिमानवपटांत मेलेले परततात, एक विश्व नष्ट झाले तर शेजारचे विश्व हजर असते. काळात मागे जाण्याची युक्ती २०१९ च्या ‘अ‍ॅव्हेंजर्स : एंडगेम’मध्येही आहे. तथापि तेथे मध्ये गेलेली पाच वर्षे पुसली जात नाहीत आणि टोनी स्टार्कला प्राण द्यावे लागतात. तो चित्रपट प्रेक्षकाच्या मनाला भिडला, तो या न फिटलेल्या किमतीमुळे.

तेव्हा ‘सुपरमॅन’ टिकला काय, या प्रश्नाचे उत्तर सरसकट देता येत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहासाठी २०१७ साली त्याची निवड झाली, ती योग्यच होती. जेथे त्याने मर्यादा मानली, तेथे तो टिकला : शेतातील मृत्यूत, अर्ध्या पगारात, ताठ होऊन पुन्हा वाकणाऱ्या त्या पाठीत. जेथे त्याने मर्यादा झुगारली, तेथे तो फसला. आणि त्याचा दोष चित्रणतंत्राच्या वयाला देता येणार नाही, कारण तो शेवट १९७८ सालीही तितकाच खोटा होता. आजच्या विद्यार्थ्याने हा चित्रपट अवश्य पाहावा. उडणारा माणूस पाहून तो कदाचित हसेल. परंतु मोटारीतून काढलेला लुईसचा देह हातात घेऊन तो उडणारा माणूस जमिनीवर बसतो, तेव्हा तो हसणार नाही. चित्रपट खऱ्या अर्थाने तेथेच संपतो.