विकाऊ मोटारी, फुकट आख्यायिका

१/ महायुद्धापूर्वीची एखादी जर्मन आलिशान मोटार दुरुस्त होऊन विक्रीस निघाली की तिच्या जाहिरातीत तीन गोष्टी हमखास आढळतात: एका महाराजांचे नाव, 'मूळ रूपात पुनरुज्जीवित' ही ग्वाही, आणि किंमत. पहिल्या दोन गोष्टी तिसरीसाठी असतात. इतिहासप्रेमी म्हणवणारी तरुण मंडळी ती जाहिरात 'गौरवशाली वारसा' म्हणून पुढे धाडतात आणि विक्रेत्याचे काम फुकटात होते. हा धागा त्या भाबडेपणाविरुद्ध आहे.

२/ मासल्यादाखल मायबाख घेऊ. कोल्हापूरकरांच्या तोंडी 'मेबॅक'. छत्रपती राजाराम महाराजांच्या (कारकीर्द १९२२ ते १९४०) काळातील ही मोटार आजही शाही दसऱ्याला दिसते. छत्रपती तिच्यातून दसरा चौकात येतात, शमीपूजन होते, लोक आपट्याचे सोने लुटतात. ही मोटार विक्रीस नाही. म्हणूनच तिच्याविषयी शांतपणे बोलता येते.

३/ मायबाख कंपनी बोडेन सरोवराकाठच्या फ्रीडरिक्सहाफेन येथील. १९०९ साली विल्हेल्म मायबाख आणि त्यांचे पुत्र कार्ल यांनी झेपेलिन हवाईजहाजांची इंजिने बनवण्यासाठी ती उभारली. १९१९ च्या व्हर्सायच्या तहाने जर्मनीच्या विमान-उद्योगाला बेड्या घातल्या, तेव्हा हवेत जाणारी इंजिने रस्त्यावर आली. १९२१ मध्ये पहिली मोटार बर्लिनच्या प्रदर्शनात मांडली गेली. १९४१ पर्यंत सगळ्या मिळून सुमारे १,८०० मोटारी. त्यातली 'झेपेलिन' ही बारा सिलिंडरांची, सात आणि पुढे आठ लिटरची.

४/ कंपनी बहुधा इंजिन आणि चासी एवढेच विकत असे. वरचा सांगाडा ग्राहकाच्या मर्जीप्रमाणे दुसरा कारखाना चढवी, बहुतेकदा राव्हेन्सबुर्ग येथील श्पोन. म्हणजे 'मूळ रूप' हा शब्दच इथे निसरडा आहे. चासीचा एक इतिहास, सांगाड्याचा दुसरा, आतल्या गाद्या-पडद्यांचा तिसरा. जाहिरात या तिन्हींची एकच वंशावळ करून टाकते.

५/ आता आख्यायिका. सर्वांत लाडकी पतियाळ्याची. महाराजा भूपिंदर सिंग १९३५ साली जर्मनीस गेले. हिटलरने नाखुशीने दहा-पंधरा मिनिटे दिली, त्यांचा तास झाला, जेवण झाले, दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावणे, तिसऱ्या दिवशी पिस्तुले आणि एक मायबाख भेट. ही कथा घराण्यातील वंशजांच्या आठवणींतून आली आहे. आठवण हे साधन आहेच. पण मिनिटांचे तास आणि तासांचे तीन दिवस होण्याची ही चढण कोणत्याही लोककथेत भेटते, हे वाचकाच्या ध्यानात यायला हवे.

६/ तीच गत कचऱ्याच्या रोल्स-रॉइसची. लंडनच्या दुकानदाराने अपमान केला म्हणून महाराजांनी गाड्या विकत घेऊन झाडलोटीला लावल्या, ही गोष्ट अलवरची म्हणून सांगतात, भरतपूरची म्हणून सांगतात, पतियाळ्याची आणि हैदराबादचीही. एकच कथा चार राजांना बसते, तेव्हा ती राजांविषयी फारसे सांगत नाही. ऐकणाऱ्याला काय ऐकायचे आहे, ते मात्र नेमके सांगते.

७/ भेटीच्या कथेत भाव वाढवणारे नाव महाराजांचे नसून हिटलरचे आहे, हे कुणी उघड बोलत नाही. एरवी या मोटारींच्या जाहिरातींत १९३३ ते १९४५ हा काळ जणू घडलाच नाही. याच मायबाखची एचएल १२० इंजिने 'पान्झर' रणगाड्यांत बसली, एचएल २३० 'टायगर' आणि 'पँथर'मध्ये. फ्रीडरिक्सहाफेनच्या युद्धउद्योगात वेठीचे मजूर आणि डाखाऊ छळछावणीच्या शाखेतील कैदी राबवले गेले. 'जर्मन अभियांत्रिकीचा सुवर्णकाळ' या शब्दांखाली हे सारे गाडले जाते, आणि सेल्फी काढणाऱ्याला ते विचारावेसे वाटत नाही.

८/ दुसरा मौनाचा प्रदेश आपल्याकडचा. मोटारीचे पैसे कुठून आले? संस्थानी खजिन्याचा कणा शेतसारा होता. ज्या दशकात युरोपातून अशा मोटारी येत होत्या, त्याच दशकाच्या अखेरीस, फेब्रुवारी १९३९ मध्ये, जयसिंगपूर येथे माधवराव बागल आदींच्या पुढाकाराने कोल्हापूर संस्थान प्रजा परिषद उभी राहिली. शेतसारा कमी करा ही मागणी तिच्या अग्रभागी होती. शाहू महाराजांच्या सुधारणांचा वारसा सांगणाऱ्या संस्थानातही ही वेळ आली, ही गोष्ट मोटारीशेजारच्या पाटीवर लिहिली तर मोटारीची शोभा तिळमात्र कमी होणार नाही.

९/ पारशिवनीच्या वाचकाला हे सारे परके वाटेल. साहजिक आहे. नागपूरकर भोसल्यांचे राज्य १८५४ मध्येच खालसा झाले. पेंचकाठच्या या मुलखात १९३० च्या दशकात ना गादी उरली होती, ना गादीची मोटार. पण मोटार ही केवळ तिच्या मालकाची नसते. तिच्यात पोलाद असते, आणि पोलादाला मँगनीज लागते.

१०/ पारशिवनी तेव्हा रामटेक तहसिलीत मोडे. त्याच तहसिलीतल्या मनसर-कांद्री पट्ट्यात १९०० च्या सुमारास मँगनीजच्या खाणी सुरू झाल्या. १८९६ मध्ये स्थापन झालेली सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट ही आजच्या 'मॉइल'ची पूर्वज. वितळलेल्या पोलादातील प्राणवायू आणि गंधकाचा उपद्रव मँगनीज मोडून काढते. त्याविना पोलाद ठिसूळ राहते. पहिल्या महायुद्धापूर्वी हिंदुस्थान या खनिजाच्या जागतिक उत्पादनात रशियाच्या बरोबरीने अग्रेसर होता, आणि माल कच्चाच जहाजावर चढे. युरोपातील अमुक मोटारीत रामटेकचे मँगनीज होते असे म्हणणे ही आणखी एक आख्यायिका ठरेल. पण ज्या व्यापारातून ते पोलाद घडत होते, त्यात इथला खाणकामगार होता, एवढे निर्विवाद.

११/ १९३० मध्ये 'झेपेलिन' बाजारात आली तेव्हा जागतिक मंदीचा विळखा आवळत होता. पुढल्या दोन-तीन वर्षांत पोलादाची मागणी कोसळली आणि मध्य प्रांतातील अनेक खाणी बंद पडल्या. एकाच मंदीच्या एका टोकाला आठ लिटरचे इंजिन, दुसऱ्या टोकाला रिकामी घमेली. युद्धपूर्व मोटारीच्या इतिहासात दुसऱ्या टोकासाठी एक वाक्य तरी राखून ठेवणे अवघड नाही.

१२/ आता 'पुनरुज्जीवन' या शब्दाकडे. जुना रंग खरवडून चकचकीत नवा चढवला, झिजलेले चामडे फेकून नवे लावले, गंजलेला पत्रा बदलला. दिसायला छान. पण तो रंग, ती झीज, तो ठिगळलेला पत्रा हेच पुरावे होते: मोटार कुणी, किती, कोणत्या रस्त्यांवर वापरली याचे. ताम्रपटावरचा गंज घासताना कुणी अक्षरेच घासून टाकली तर त्याला संवर्धन म्हणत नाहीत. कॅलिफोर्नियातील पेबल बीचच्या प्रदर्शनाने २००१ पासून न घासलेल्या, न रंगवलेल्या मोटारींसाठी स्वतंत्र वर्ग ठेवला, तो याच जाणिवेतून.

१३/ त्यातही बंद छताच्या सिडानवर दुहेरी संकट. बाजाराला उघडी रोडस्टर हवी असते. २०१२ साली पेबल बीच येथील लिलावात मर्सिडीज ५४० के स्पेशल रोडस्टर १ कोटी १७ लाख डॉलरना गेली. असे आकडे दिसले की सिडानचा सांगाडा उतरवून त्याच चासीवर रोडस्टरची नक्कल चढवण्याचा मोह होतो, आणि जगभर अनेक सिडान अशाच संपल्या. म्हणून एखादी सिडान सिडान म्हणूनच विक्रीस आली असेल, तर त्या मालकाचे आधी आभार मानावेत. कागद नंतर मागावेत.

१४/ कागद मात्र मागावेतच. चासी आणि इंजिनाचे क्रमांक एकमेकांशी जुळतात का? सांगाड्याच्या कारखान्याची पाटी आहे का? जुन्या नोंदणीचे पुस्तक, जकातीची पावती, संस्थानाच्या दप्तरातील खर्चाची नोंद? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दुरुस्तीपूर्वीची छायाचित्रे. महाराजांचे छायाचित्र मोटारीशेजारी असणे हा मालकीचा पुरावा नव्हे; महाराज पाहुण्यांच्या मोटारींशेजारीही उभे राहत.

१५/ कायद्याचा आधार तोकडा आहे. १९७१ मध्ये तनखे बंद झाले, तेव्हा संस्थानी मोटारींची विक्री सुरूच होती आणि अनेक मोटारी परदेशी निघून गेल्या होत्या. त्यानंतर निर्यातबंदी आली. २०२१ च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना 'व्हीए' मालिकेचा क्रमांक देऊ केला. अट अशी की चासी, सांगाडा वा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. पण ही नोंदणीची अट आहे, संरक्षणाची नव्हे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याचे संरक्षण मिळण्यास वस्तू शंभर वर्षांची व्हावी लागते. १९३६ साली बनलेली मोटार त्यासाठी २०३६ ची वाट पाहणार, आणि तोवर मालकाने तिचे छत कापून टाकायचे ठरवले तर त्याला अडवणारा पुरातत्त्व खात्याचा कोणताही अधिकारी नाही.