अर्थसंकल्पाचा ताळा कोण करणार?

फेब्रुवारी आला की घरोघरी अर्थसंकल्पाची चर्चा सुरू होते. काय महागलं, आयकरात किती सूट मिळाली, एवढं वाचून आपण पेपर बाजूला ठेवतो. गरिबांसाठी इतके हजार कोटी, असा मथळा दिसला की बरंही वाटतं. पण ते पैसे पुढे गेले कुठे?

मी आयुष्यभर गणित शिकवलं. माझ्या वर्गातल्या एका मुलाची शिष्यवृत्ती मंजूर झाली, पण पैसे आले वार्षिक परीक्षा उलटून गेल्यावर. तोवर पोरगा वीटभट्टीवर लागला होता. कागदावर मात्र हिशोब चोख! उत्तर आलं की ताळा करून पाहा, असं मी मुलांना सांगत असे. सरकारी उत्तरांचा ताळा कुणी करायचा?

काहींनी तो केलेला आहे. दलितांच्या विकासासाठी राखलेला निधी दिल्ली सरकारने राष्ट्रकुल स्पर्धांच्या कामांकडे वळवला होता. २०१० साली हाउसिंग अँड लँड राइट्स नेटवर्क या संस्थेने माहिती अधिकारात कागद मिळवून ते उघडकीस आणलं. आकडा होता ७४४ कोटींचा! तेव्हाचे गृहमंत्री पी. चिदंबरम यांना ही चूक राज्यसभेत मान्य करावी लागली.

त्याआधी, १९९० च्या दशकात, आपल्या गुजरातेत आदिवासी मजुरांमध्ये काम करणाऱ्या 'दिशा' संस्थेने राज्याचा अर्थसंकल्प ओळीनं वाचायला घेतला. आदिवासींच्या नावावर किती मांडले, किती खर्चले, हे तपासलं. छापील बेरजांतही चुका सापडल्या! सोप्या गुजरातीत टिपणं करून ती आमदारांना दिली, तेव्हा सभागृहात प्रश्न विचारले जाऊ लागले.

हे काम फक्त पंडितांचं नाही. केंद्राच्या अर्थसंकल्पात मूळ अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च असे रकाने असतात. गंमत अशी, की प्रत्यक्ष खर्चाचा आकडा छापून येतो दोन वर्षांनंतरच्या अर्थसंकल्पात. तोवर घोषणा कुणाच्या लक्षात राहते? अनुसूचित जाती-जमातींसाठीच्या तरतुदींची तर वेगळी विवरणपत्रंच असतात. कागद सगळ्यांना खुले आहेत, वाचणारे कमी.

आपल्या पॅरिशमध्ये निवृत्त शिक्षक आहेत, बँकवाले आहेत. शेजारीपाजारीही येतील. सगळा अर्थसंकल्प नको, एकच योजना घ्या. शिष्यवृत्ती घ्या. किती मंजूर, किती खर्च, आपल्या शाळेतल्या किती मुलांना कोणत्या महिन्यात मिळाली, एवढंच लिहून काढा. अडलं तर केंद्राच्या खात्याकडे दहा रुपयांत माहितीचा अर्ज करता येतो.

गरजू घरी आपण धान्याची पिशवी पोचवतो, ती पोचवायलाच हवी. पण त्याच घराच्या हक्काचे पैसे वाटेत अडकले असतील, तर त्याबद्दल विचारणं हीसुद्धा सेवाच आहे.

– एक निवृत्त शिक्षक, वडोदरा