न निवडणाऱ्यांची निवड

मुळशी तालुक्यातील हिंजवडीत माहिती तंत्रज्ञान उद्यान उभे राहिले आणि संगणकाच्या आज्ञावल्या लिहिणे हा या तालुक्याचाही व्यवसाय झाला. त्याच तालुक्यात, पौडसारख्या गावी, पतसंस्थेचा कारकून ठेवींच्या नोंदी संगणकावर करीत असतो. या दोघांना जोडणारा प्रश्न क्वचितच चर्चिला जातो: वापरणाऱ्याने काहीच निवडले नाही, तर यंत्राने कसे वागावे?

डिस्कचा कारभार पाहणारा कंट्रोलर आणि त्याला हुकूम देणारा ड्रायव्हर यांच्यापुढे हा प्रश्न सदैव उभा असतो. मजकूर तात्पुरत्या स्मृतीत येताच 'लिहिले' असे कळविल्यास काम झपाट्याने होते. पण त्याच क्षणी वीज गेली, तर पोच मिळालेली नोंदही नाहीशी होते. म्हणून चांगले रेड कंट्रोलर या स्मृतीला बॅटरीचा आधार देतात आणि बॅटरी निकामी होताच थेट डिस्कवर लिहिण्याची धिमी पद्धत स्वीकारतात. रेल्वेचे डबे सुटले, की ब्रेक आपोआप लागतात. तत्त्व तेच आहे.

१९९० च्या दशकाच्या मध्यास आरझेड-१००० या कंट्रोलर चिपमध्ये मजकूर बिघडविणारा दोष आढळला. लिनक्सच्या कर्त्यांनी तो टाळणारी तरतूद केली. त्यासाठी आगाऊ वाचनाची सोय बंद ठेवून वेगात किंचित घट पत्करली. हा व्यवहार शहाणपणाचाच होता.

वेगाच्या स्पर्धेत उत्पादन मागे पडेल, ही उत्पादकांची तक्रार अगदीच निराधार नाही. परंतु वेग वाढविण्याची कळ जाणकाराला सापडते. धोका टाळण्याची कळ कारकुनाला सापडत नाही. किंबहुना, ती शोधावी हेच त्याला ठाऊक नसते. शिवाय घटलेला वेग लगेच दिसतो, हरवलेली नोंद मात्र ठेवीदार खिडकीशी आल्यावरच उघडकीस येते.

तेव्हा मूळ मांडणी सुरक्षित असावी, वेगवान मांडणी मागितल्यावरच मिळावी आणि ती देताना धोका सोप्या मराठीत सांगितला जावा. जो निवड करीत नाही, त्याच्या वतीने कोणीतरी निवड केलेलीच असते. तिची जबाबदारी निवडणाऱ्यावरच राहिली पाहिजे.