‘सत्य घटनेवर आधारित’ हा शिक्का आधी पुसा

मराठी भयकथा आता मोबाईलवर राहायला आली आहे. प्रतिलिपीसारखी ॲप, फेसबुकवरचे गट, यूट्यूबवर काळ्या पडद्यामागून कथा वाचणारे आवाज आणि लेखकाचा पत्ता नसलेले व्हॉट्सॲप मेसेज. लिहिणारे बहुतेक हौशी. कुणी कंपनीत रात्रपाळी करतो, कुणी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करता करता लिहितो. मला याचं मनापासून कौतुक आहे. तालुक्याच्या गावी कथासंग्रह विकत मिळणं मुश्कील, तिथे पोरं फोनवर कथा वाचतात आणि स्वतः लिहूनही बघतात. माझं भांडण या पोरांशी नाही. त्यांच्या कथेवर सगळ्यात वर जी एक ओळ असते तिच्याशी आहे : ‘सत्य घटनेवर आधारित’.

आम्ही चार-पाच मित्र गेली काही वर्षं या कथा एकत्र वाचतो. पद्धत साधी आहे. एकानं मोठ्यानं वाचायचं, बाकीच्यांनी फोन उलटे ठेवून ऐकायचं आणि मग कथा उसवायची. शुद्धलेखनावर हसायचं नाही, हा नियम पहिल्यापासून आहे. ज्याला शाळेत ऱ्हस्व-दीर्घ नीट शिकवलं गेलं नाही, त्याच्यावर हसणं म्हणजे परीक्षण नव्हे. बाकी कशालाही सूट नाही. मोठ्यानं वाचलं की कथेचं पितळ लवकर उघडं पडतं. ‘घड्याळात बाराचे ठोके पडले’ असं वाक्य आलं की कुणीतरी विचारतोच, या खेड्यात ठोके देणारं घड्याळ कुणाच्या घरी आहे? वाडा, वड, विहीर, पांढरी साडी, उलटे पाय, ‘मागे वळून पाहिलं तर तिथे कुणीच नव्हतं’. शंभर कथांतलं सामान एकच. नावं तेवढी बदलतात.

हे ऐकून काही जण नाराज होतात. ‘हौशी आहेत, फुकट लिहितात, कशाला फाडता?’ मी म्हणतो, गावच्या मैदानावर टेनिस बॉलनं खेळणारेही हौशीच असतात, म्हणून त्रिफळा उडाल्यावर नाबाद देतात काय? ‘अंगावर काटा आला, पुढचा भाग लवकर टाका’ एवढ्यावर ज्याची बोळवण होते, त्याची कथा कुणी मनावर घेतलेली नसते. आम्ही मनावर घेतो.

सामान जुनं असलं म्हणून काही बिघडत नाही. सगळ्या भाषांतल्या भूतकथा जुन्याच सामानावर चालतात. बिघडतं ते शिक्क्यामुळे. कथा म्हणून लिहिलं की लेखकावर जबाबदारी येते : भीती पटवून द्यावी लागते, माणसं उभी करावी लागतात, शेवट कमवावा लागतो. ‘सत्य घटना’ म्हटलं की ती सगळी मेहनत वाचते. ‘हे पटत नाही’ असं कुणी म्हणालं की उत्तर तयार असतं, ‘माझ्या मामाच्या गावात घडलंय.’ म्हणजे शिक्का हा आळशीपणाचा परवाना झाला. पण नुसता आळशीपणा असता तर मी हा लेख लिहिला नसता. खरं म्हणून सांगितलेल्या गोष्टीत भूतसुद्धा खऱ्या माणसाचंच करावं लागतं. ते माणूस कुणाचं तरी असतं.

आमच्या धाराशिव जिल्ह्यातलंच उदाहरण देतो. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला. लातूर जिल्ह्यातलं किल्लारी जगाला ठाऊक झालं. आमच्याकडचं सास्तूर आणि आजूबाजूची गावंही तेव्हाच उद्ध्वस्त झाली. हजारो माणसं झोपेत गेली. दोन्ही जिल्ह्यांतली मिळून ५२ गावं पुढे नव्या जागी वसवली गेली आणि जुनी गावठाणं मागे राहिली. पडक्या भिंती, बाभळी, शांतता. भयकथा लिहिणाऱ्याला याहून तयार जागा कुठे मिळणार? तर अशाच एका जुन्या गावठाणावरची ‘सत्य घटना’ आम्ही एकदा वाचायला घेतली. अमावस्येची काळीकुट्ट रात्र, घराचा स्लॅब कोसळतो, त्याखाली बाळंतीण गाडली जाते आणि आजही ती रस्त्यावरच्या गाड्यांना हात करून आपलं बाळ मागते.

आमच्यातल्या एकाच्या घरची माणसं त्या रात्री गेली आहेत. तो शांतपणे ऐकत होता. कथा संपल्यावर एवढंच म्हणाला, ‘आरं, गणपती बुडवल्या रात्री आवस कुठनं आली?’

बरोबर आहे. २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. लोक विसर्जन करून येऊन झोपले होते. चतुर्दशीनंतर पौर्णिमा येते, हे या महाराष्ट्रात शाळकरी पोरालाही कळतं. आणि स्लॅब कसला? तिथली घरं माळवदाची. दगड-मातीच्या जाडजूड भिंती, वर लाकडं आणि त्यावर मातीचा थरावर थर. उन्हाळ्यात घर थंड ठेवणारी तीच माती त्या पहाटे अंगावर आली. स्लॅबची घरं त्या गावांत मोठ्या प्रमाणात आली ती भूकंपानंतर. म्हणजे ज्यानं ‘सत्य’ असं लिहिलं, त्याला ना तिथी माहीत, ना घर. आणि या दोन गोष्टी त्या मुलखातल्या कुठल्याही म्हाताऱ्याला चहाच्या टपरीवर विचारल्या असत्या तरी कळल्या असत्या.

त्या भूकंपानंतरची खरी भीती याहून मोठी होती. घर उभं असूनही लोक आत झोपायला धजत नव्हते. ज्या छपराखाली जन्म काढला त्याचाच भरवसा उरला नव्हता. याच्यावर कथा लिहा ना! तिच्यात भूत आणलंत तरी माझी हरकत नाही. पण ज्या बाईला रडायला नातेवाईक अजून हयात आहेत, तिला महामार्गावर उभं करून गाड्या थांबवायला लावू नका, आणि लावलंतच तर ‘सत्य घटना’ म्हणू नका.

आता माझ्या वाट्याच्या भुताकडे येतो. मराठी भुतांना जात असते. मुंज होऊन सोडमुंज होण्याआधी गेलेला ब्राह्मण मुलगा मुंजा होतो. बाळंतपणात गेलेली बाई हडळ होते. आणि खवीस? कुठे तो दलित जातीतल्या माणसाचं भूत मानला जातो, कुठे मुसलमानाचं. शब्द अरबी ‘खबीस’वरून आलेला, अर्थ नापाक, दुष्ट. आम्हाला लहानपणी संडासात जाण्याआधी जी दुआ शिकवतात, तिच्यात याच खबीसांपासून पनाह मागितलेली असते. म्हणजे ज्याच्यापासून आम्ही पळतो, तोच आमच्या नावावर चढवलेला! लोकसमजूत म्हणून मी हे हसून सोडून देतो. पण इंटरनेटवरच्या कथांत खवीसाला नवं रूप आलं आहे. हिरवी चादर, अत्तराचा घमघमाट, पडका दर्गा आणि कबरीतून उठलेला ‘जिन्न’, जो हिंदी सिनेमातल्या नवाबाचं उर्दू बोलतो. अरे बाबांनो, धाराशिवचा मुसलमान घरात दखनी बोलतो आणि बाजारात तुमच्यासारखीच मराठी. मेल्यावर तो एकदम लखनौला कसा पोचतो?

शिवाय जिन्न कबरीतून उठत नसतो. कुरआनात ‘अल-जिन्न’ नावाची स्वतंत्र सूरा आहे, ७२ वी. जिन्न ही आगीपासून केलेली वेगळी निर्मिती आहे. मेलेल्या माणसाशी तिचा संबंध नाही. मेलेला माणूस कयामतपर्यंत बरजखमध्ये असतो, तो रात्री फिरत नाही. तुमचा या गोष्टींवर विश्वास असण्याची गरज नाही. मुंजाची गोष्ट लिहिणाऱ्याला सोडमुंज ठाऊक असावी, एवढीच ही मागणी आहे. आमच्या शहरात हजरत ख्वाजा शमशुद्दीन गाझींचा दर्गा आहे. उरुसाला सगळ्या जातीधर्मांची माणसं येतात. ज्या पोरानं आईचं बोट धरून तिथे रेवड्या खाल्ल्या, तोच पोरगा मोठा होऊन कथेत भीतीसाठी दर्गा वापरतो. त्याच्या अनुभवात जे नाही ते त्याच्या कथेत आलं कुठून, हा प्रश्न मला भुताहून जास्त छळतो.

‘तू मुसलमान आहेस म्हणून तुला टोचतं,’ असं मला सांगितलं जातं. टोचतंच. म्हणून तर एकट्यानं वाचायचं नसतं. मला दर्गा दिसतो, दुसऱ्या मित्राला दिसतं की करणी करणारी म्हातारी नेहमी गावकुसाबाहेरच राहते. भूकंपातल्या घरच्याला तिथी दिसते. प्रत्येकाला आपापला काटा आधी दिसतो आणि सगळे मिळून वाचलं की कथा पूर्ण दिसते.

शिक्क्याचा तिसरा परिणाम सगळ्यात वाईट. ‘सत्य घटनां’मध्ये एक प्रसंग हमखास असतो : मुलगी घुमायला लागते, डॉक्टर हात टेकतात, मांत्रिक येतो, केस धरून झोडपतो आणि ती बरी होते. फिट येणं, बाळंतपणानंतर मन बिघडणं हे आजार आहेत आणि त्यांवर उपचार आहेत. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं, मारणं, चटके देणं हा महाराष्ट्रात गुन्हा आहे. साप किंवा विंचू चावलेल्याला दवाखान्यापासून रोखून मंत्रतंत्र करणं हाही. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ साली आला, आणि त्यासाठी वर्षानुवर्षं झगडलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात खून झाला, त्यानंतर आला. त्या किमतीवर मिळालेला कायदा आहे हा. आणि आपण मांत्रिकाची मारहाण ‘खरी घडलेली’ म्हणून, ती लागू पडते म्हणून, फुकट वाटतो आहोत. ज्या घरात आज एखादी सून गप्प गप्प राहते आहे, तिथेही हा मेसेज पोचतो.

मग भयकथाच बंद करायच्या काय? मुळीच नाही. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी मराठी वाचकाला आयुष्यभर घाबरवलं, कथा म्हणून. मतकरींची ‘खेकडा’ वाचून झोप उडालेल्यांनी ती खरी आहे का असं विचारलं नाही. २०१८ च्या ‘तुंबाड’मधला हस्तर हा देव कुठल्याही पोथीत नाही, बनवलेला आहे. तरी लोक घाबरले, कारण त्या सिनेमातला लोभ ओळखीचा होता. खरेपणा तिथे असतो. मामाच्या गावाचं नाव घातल्यानं तो येत नाही.

आणि आमच्या जिल्ह्यात भीतीचा तुटवडा नाही. पाचटाच्या कोपीत ऊसतोडीच्या फडावर दिवस भरलेली पोर. कोरडी विहीर आणि तिच्यात उतरलेला माणूस. कर्जाचा कागद खिशात ठेवून रात्री शेताकडे गेलेला बाप आणि सकाळपर्यंत झोपू न शकलेलं घर. नळदुर्गच्या पाणी महालात, बोरी नदीच्या पाण्याच्या पोटात उभं राहिल्यावर जी थरथर पायाखाली जाणवते, तीही अजून कुणी नीट लिहिलेली माझ्या वाचनात नाही.

लिहा, आणि खुशाल भूत घाला. त्याला गाव द्या, घर द्या, बोली द्या, त्याची तिथी पंचांगात बघून घ्या. फक्त वरची ती ओळ पुसा आणि तिच्या जागी तुमचं नाव लिहा. नाव लिहिलं की आम्ही वाचू, मोठ्यानं वाचू, आणि जिथे फसलं आहे तिथे तोंडावर सांगू.