नवरंगचा तो फोटो



दोन वर्षांपूर्वी याच सदरात मांडवच्या नवरंगचा एक फोटो आला होता, आठवतोय? पडक्या भिंतीवर बसलेला पक्षी, हिरवी पाठ, पंखावर निळा ठिपका, डोळ्यावरून काळी पट्टी, पोटाखाली लालभडक. मान ताणून थेट कॅमेऱ्याकडे बघणारा. तुमच्यापैकी पुष्कळांनी कौतुक कळवलं. एका काकूंनी तर तो मोबाइलच्या पडद्यावर लावला होता. आमच्या दिवाणखान्यातही तो फ्रेम करून लावलाय.

त्या फोटोमागची गोष्ट मात्र मी तेव्हा लिहिली नाही. या वेळी लिहिते आहे.

जुलैच्या शेवटी आम्ही तिघी मांडवला गेलो. मी, माझी आई आणि अकरावीतली भाची. भाचीला नुकताच कॅमेरा मिळालाय आणि तिची एकच मागणी होती, "मावशी, मलापण तसाच नवरंग हवा." आईचं माहेर धारचं. तिच्या तोंडी "मांडू" कधीच येत नाही. लहानपणी ती सगळी भावंडं डबे बांधून पावसात "मांडवला" जायची, तेच नाव तिने आजवर धरून ठेवलंय. पहाटे साडेचारला इंदूर सोडलं. बेटमा, घाटाबिल्लोद, धार, नालछा असा रस्ता, साधारण १०० किलोमीटर. नालछा मागे पडलं की सपाट माळवा एकदम संपतो आणि काकडा खोहची दरी पायाशी उघडते. त्या दिवशी दरीत ढग भरले होते. खाली कुठेतरी पाणी कोसळत होतं, पण दिसत काहीच नव्हतं.

दरी ओलांडून आलमगीर दरवाज्यातून आत शिरलो की आपण विंध्याच्या एका सुट्या पठारावर असतो, समुद्रसपाटीपासून ६०० मीटरहून थोडं उंच. पठाराच्या कडेकडेने जवळजवळ ४० किलोमीटर तटबंदी आहे. माळव्याच्या सुलतानांनी धारहून राजधानी इथे आणली. होशंगशाहाने (१४०६ ते १४३५) तिला रूप दिलं आणि शहराचं नाव पडलं शादियाबाद, म्हणजे आनंदाचं गाव. पुढे १७३२ च्या सुमारास माळवा मराठ्यांकडे आला, धारच्या पवारांनी कारभार पुन्हा धारला नेला आणि मांडव ओस पडत गेलं. "म्हणजे हे रिकामं व्हायला आपलीच माणसं कारण?" भाचीने विचारलं. आई म्हणाली, "रिकामं कुठे झालं? ऐक की जरा." बाहेर मोर ओरडत होते. एक नाही, चार दिशांनी.

मांडवचं खरं गुपित पाणी आहे. पठारावर नदी नाही. पडेल तो पाऊस साठवायचा, हाच उपाय होता. म्हणून इथे जिकडे बघाल तिकडे तळी, कुंडं, बावड्या आणि छपरांवरून पाणी खाली आणणारे पन्हाळे. नीलकंठला पाणी नागमोडी कोरलेल्या वळणांमधून फिरत कुंडात पडतं. भाचीने त्यात एक पान सोडलं आणि ते बाहेर पडेपर्यंत ती बघत बसली. जहाज महाल तर मुंज आणि कपूर या दोन तलावांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर उभा आहे. सुमारे १२० मीटर लांब, रुंदीला अगदी कमी. पावसात दोन्ही तलाव भरले की तो खरंच तरंगतो असं वाटतं. सुलतान गेले, दरबार गेला, पण तळी राहिली. आणि तळी राहिली म्हणून पाखरं राहिली. अवशेष बघायला येणारा आणि पक्षी बघायला येणारा, दोघांनाही इथे एकाच पायरीवर बसता येतं.

आम्ही मुंज तलावाच्या काठी बसलो. पाण्यावर पसरलेल्या पानांवरून एक कमळपक्षी चालत होता. लांब काळी शेपटी, मानेवर सोनेरी पट्टा, आणि बोटं इतकी लांब की पान बुडतच नाही. दुर्बिणीतून बघितलं तर पुढच्याच पानांच्या गादीवर दुसरा अंड्यांवर बसलेला. मी भाचीला सांगितलं, बसलाय तो बाप आहे. कमळपक्ष्यांत मादी अंडी घालते आणि दुसऱ्या नराकडे निघून जाते. एका हंगामात तिचे तीन-चार संसारही होतात. अंडी उबवणं, पिल्लं सांभाळणं, सगळं नराकडे.

या जहाज महालाचा संबंध गियासुद्दीन खिलजीशी जोडतात. त्याच्या जनानखान्यात १५ हजार बायका होत्या अशी दंतकथा आहे. भाचीने एकदा महालाकडे बघितलं, एकदा तलावाकडे, आणि म्हणाली, "मावशी, खिडकीतून बाहेर बघितलं असतं तर सुलतानाला काहीतरी कळलं असतं." आई इतकी हसली की बाजूच्या पायरीवरचे लोक वळून बघायला लागले.

दुपारी दाल-पानिये खाल्ले. मक्याचं पीठ पानांत दाबून गोवऱ्यांवर भाजतात, वर तूप. त्यानंतर गोरखचिंचांखाली फिरलो. आफ्रिकेतून आलेली ही झाडं मांडवची ओळखच होऊन बसलीत. इथले लोक त्यांना खुरासानी इमली म्हणतात. बुंधा एखाद्या खोलीएवढा. पांढरी मोठी फुलं रात्री उमलतात आणि वटवाघळं त्यांच्यावर येतात. एका बुंध्याच्या ढोलीत पिंगळ्यांची जोडी अंग चोरून बसली होती. वरच्या ढोलीवरून पोपटांचं भांडण चाललं होतं. आईने रस्त्यावरून आंबट गर घेतला आणि लहान मुलीसारखा चोखत राहिली.

मग सागर तलावावरून बाजबहादूरच्या महालाकडे गेलो. गंमत म्हणजे तो बाजबहादूरने बांधलेलाच नाही. तिथल्या शिलालेखाप्रमाणे तो १५०८ च्या सुमारास, नासिरुद्दीनच्या काळात झाला. बाजबहादूर तिथे राहिला आणि १५६१ मध्ये अकबराच्या फौजेपुढे हरून पळाला, एवढंच. गोष्टी सांगणाऱ्यांनी महाल त्याच्या नावावर केला. वर कड्यावर रूपमतीचा मंडप. त्याच्या गच्चीवरून निमाडचं मैदान खाली पसरलेलं दिसतं. हवा स्वच्छ असेल तर नर्मदेची रेघही दिसते. आम्हाला फक्त धुकं दिसलं. १६१७ मध्ये जहांगीर इथे मुक्कामाला होता आणि पावसाळ्यातल्या मांडवची त्याने आपल्या आठवणींत तोंड भरून स्तुती केली आहे. धुक्याबद्दल त्याची तक्रार दिसत नाही, म्हणून आम्हीही केली नाही.

पाच वाजता मी गाडी दरीच्या बाजूला वळवली. कुठे, ते मुद्दाम लिहीत नाही. कारण पुढे कळेलच.

झाडीच्या तोंडाशी एक पडकी भिंत आहे. फोटोतली तीच. भाचीने ती लगेच ओळखली. कॅमेरा लावला, मग पिशवीतून छोटा स्पीकर काढला. "मैत्रिणीने नवरंगचा आवाज पाठवलाय. लावू?"

मी म्हटलं, "नको." ती म्हणाली, "मग तू कसा काढलास?"

त्या दिवशीची गोष्ट मी तेव्हा पहिल्यांदा कुणाला सांगितली. दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये आम्ही सहा-सात जण इथे आलो होतो. नवरंग हिवाळा दक्षिणेत आणि श्रीलंकेत काढतो आणि पावसाच्या तोंडाशी घरटं करायला आपल्या मध्य भारतात येतो. जमिनीवर किंवा बुटक्या फांदीवर काटक्या-पानांचा गोळा, त्यात चार-पाच अंडी. सकाळ-संध्याकाळ दोन सुरांची शीळ घालतो, ती म्हणजे ही जागा माझी आहे असं सांगणं. आम्ही मोबाइलवर तीच शीळ लावली. दुसरा नर घुसला असं समजून हा बाहेर आला. भिंतीवर बसला. छाती पुढे काढून इकडेतिकडे शोधू लागला. माझा फोटो निघाला. मग दुसऱ्याला हवा होता, मग तिसऱ्याला. वीस-पंचवीस मिनिटं आम्ही ते वाजवत राहिलो. तो आत जायचा, पुन्हा धावत बाहेर यायचा.

बकऱ्यांमागे जाणाऱ्या एक आजीबाई थांबल्या होत्या. त्या म्हणाल्या, "उसको लग रहा है घर में कोई घुस आया। अब बस करो, बाई।"

मी लगेच बस केलं नाही. शेवटचा एक हवा होता. तुम्ही बघितलात तो शेवटचाच आहे. मान ताणलेली दिसते ना, ती ऐट नव्हती.

तेवढ्यात एक टकाचोर त्या झुडपात शिरला, जिथून नवरंग सारखा बाहेर येत होता. टकाचोर दुसऱ्यांची अंडी-पिल्लं खातो हे मला माहीत होतं. आत काय झालं ते दिसलं नाही. बघायला मी गेलेही नाही. सगळ्यांबरोबर गाडीत बसले आणि वाटेत स्क्रीनवर फोटो मोठा करून बघत राहिले.

भाची काही बोलली नाही. स्पीकर पिशवीत ठेवला. आई नेहमीप्रमाणे मधे काहीतरी बोलेल असं वाटलं, पण तीही गप्प होती. आम्ही भिंतीपासून लांब, एका दगडावर ओळीने बसलो. पाऊस भुरभुरत होता. अर्धा तास फक्त डास होते. मग दरीच्या आतून ती शीळ आली. दोन सूर, थांबून पुन्हा दोन सूर. पलीकडून दुसऱ्याने उत्तर दिलं. भाचीचा हात कॅमेऱ्याकडे गेला आणि परत आला. पानं एकदा हलली, एवढंच. अंधार पडेपर्यंत बसलो, पक्षी काही दिसला नाही.

गाडीत तिने वही काढली आणि दिवसाच्या यादीत शेवटी लिहिलं, "नवरंग, २, फक्त ऐकले."

घरी आल्यावर मी तो फोटो भिंतीवरून काढायला गेले. तिने थांबवलं. "राहू दे. पण कुणी छान म्हटलं की खरं सांगत जा." तुमच्यापैकी इतक्यांनी छान म्हटलं होतं, म्हणून आज सगळ्यांना एकदम सांगते आहे.

मांडवला जायचं असेल तर जुलै ते सप्टेंबर हे दिवस उत्तम. शनिवार-रविवार टाळता आले तर फारच बरं. पहाटे मुंज तलाव, दुपारी महाल, संध्याकाळी दरीच्या कडा, असा क्रम ठेवा. दुर्बीण न्या. मळकट रंगाचे कपडे, छत्रीऐवजी रेनकोट, पाय घसरणार नाहीत अशी पादत्राणं. पक्ष्याचा आवाज मोबाइलवर ओळखण्यासाठी घरी ऐका, घरट्यांच्या दिवसांत रानात वाजवू नका. घरटं दिसलं तर एकदा दुर्बिणीतून बघा आणि पुढे चला, जागा ग्रुपवर टाकू नका. आणि बरोबर घरातलं एखादं वडीलधारं माणूस न्या. थांबायचं कसं, ते त्यांना येतं.

पुढच्या महिन्यात भेटूच.