संमेलनांतील विद्यार्थिमंडळ

मार्गशीर्ष लागला कीं शाळाशाळांतून स्नेहसंमेलनाचे वारे वाहूं लागतात. आमच्या घरांतहि ते परवां शिरले. पुतण्याची कन्या यंदा नववींत असून विद्यार्थिमंडळाची चिटणीस म्हणून निवडून आली आहे. दिवेलागणीनंतर ती वही घेऊन माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "आबा, संमेलनांत मंडळानें काय काय करावें, तें सांगा. पण भाषण नको, यादी हवी." ज्यानें उभा जन्म मास्तरकींत घालविला, त्याला भाषण नको म्हणणें म्हणजे गवयाला आलाप वर्ज्य करणेंच होय. यादी झाली नाहीं तें नाहींच. परंतु त्या बोलण्यांतून जें निघालें, तें ज्यांच्या घरीं शाळेंत जाणारीं मुलें आहेत अशा वाचकांपुढें ठेवावें असें वाटलें.

हल्लीं संमेलनांत विद्यार्थिमंडळाचें काम कोणतें? छातीवर बिल्ला लावून दाराशीं उभें राहणें, पाहुण्यांना पुष्पगुच्छ नेऊन देणें आणि खुर्च्या मोजणें. नाच बसविणारा बाहेरून येतो, पोषाख भाड्यानें येतात, सूत्रसंचालनाचा कागद शिक्षक लिहून देतात. मुलांनीं निवडलेलें मंडळ अशा रीतीनें केवळ वाढप्याच्या कामापुरतें उरतें. जपानांत शरदऋतूंत शाळाशाळांतून 'बुंकासाई' नांवाचा उत्सव होतो. तेथें एखादा वर्ग आपल्या खोलीचें चहागृह करतो, दुसरा भुताटकीचें घर उभारतो. खोल्यांची वांटणी, पैशांची विभागणी आणि वेळापत्रक यांत मुलांच्या मंडळाचा मोठा हात असतो, आणि उत्सव संपल्यावर केरहि मुलेंच काढतात. तिकडील भुतें इकडे आणावींत असें मी म्हणत नाहीं. आपल्याकडे तीं पुरेशीं आहेत. पण केरसुणी आणि हिशेबाची वही या दोन वस्तु मुलांच्या हातीं गेल्या, तर संमेलनाचें अर्धें रूप पालटेल.

हिशेबाचेंच पाहा. आनंदमेळाव्यांत चौघां मुलांनीं भेळेचें दुकान मांडलें. दहा रुपये द्रोण याप्रमाणें ६४ द्रोण खपले आणि "आम्हांला सहाशें चाळीस रुपये नफा झाला" म्हणून तीं घरभर नाचलीं. चुरमुरे, फरसाण, चिंच, गूळ, कांदे, द्रोण हें सारें ४५५ रुपयांचें सामान एकीच्या आईनें आणून दिलें होतें, तें कोणाच्या ध्यानींच नव्हतें. तें वजा जातां १८५ उरले. आणि त्या माउलीनें सकाळपासून कांदे चिरले त्याची मजुरी धरली असती, तर बहुधा कांहींच उरलें नसतें. मंडळानें प्रत्येक दुकानाकडून भांडवल, विक्री आणि शिल्लक असा तीन ओळींचा ताळेबंद घ्यावा व दुसऱ्या दिवशीं फळ्यावर लावावा. पोषाखाच्या वर्गणीचाहि असाच उघडा हिशेब असावा आणि तिला मर्यादा असावी. घरांतील धोतर, नऊवारी आणि जुना शालू यांवर पुष्कळ नाटकें उत्तम होतात. वर्गणी देतां येत नाहीं म्हणून 'मला नाटकाची आवडच नाहीं' असें सांगणारीं मुलें मीं दर वर्षीं पाहिलीं आहेत.

दुसरी एक सूचना मंडळाला फार आवडेलसें वाटतें. एका खोलींत 'आजीचें दुकान' मांडावें. १९५७ सालच्या १ एप्रिलपासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. तत्पूर्वीं रुपया १६ आण्यांचा, म्हणजे ६४ पैशांचा असे. धान्य तर मापानें मोजीत : दोन चिपट्यांचें मापटें, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. हीं मापें अजून पुष्कळांच्या माळ्यावर पडलेलीं आहेत. तीं आणावींत, चिमट्याएवढ्या अक्षरांतल्या चिठ्ठ्या न लावतां मुलांनीं प्रत्यक्ष तांदूळ मोजून दाखवावेत, आणि दुकानावर कोणा तरी आजीला बसवावें. सहा आणे डझन केळीं, तर पांच केळ्यांचे किती? आमच्या मातोश्रींना, वय वर्षें ८८, हा प्रश्न मीं सहज विचारला. माझें वाक्य पुरें होण्यापूर्वींच "अडीच आणे" असें उत्तर आलें. आमच्या चिटणीसबाई अजून कागद शोधीत होत्या. पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी म्हणणारी मंडळी घरोघरीं आतां थोडींच उरलीं आहेत. तीं आहेत तोंवर हें दुकान चालेल.

हस्तलिखित अंक काढावा हें मी सांगितलें, तें तिनें आधींच वहींत लिहिलें होतें. रात्रीं दहानंतर ध्वनिक्षेपक लावण्यास २००० सालच्या नियमांनीं बंदी आहे, म्हणून कार्यक्रम वेळेवर सुरू करावा, हेंहि तिला ठाऊक होतें. मग तिनें विचारलें, "आणि शेलापागोटे?"

येथें मी थोडा थांबलों. ज्यांना हा प्रकार ठाऊक नसेल त्यांच्यासाठीं सांगतों : संमेलनांत एका पेटींत मुलें एकमेकांवर निनांवी थट्टेच्या चिठ्ठ्या टाकतात आणि त्या व्यासपीठावरून वाचल्या जातात, यालाच कॉलेजांतून फिशपॉण्ड म्हणतात. वीसएक वर्षांपूर्वीं ह्या चिठ्ठ्या तपासण्याचें काम माझ्याकडे होतें. आठवींतल्या एका मुलाची जीभ बोलतांना अडखळे. संस्कृत श्लोक मात्र तो अस्खलित म्हणे. त्याच्या अडखळण्यावर कोणीं दोन ओळी लिहिल्या होत्या. त्यांतील यमक चांगलें साधलें होतें. मीं ती चिठ्ठी बाजूस काढली नाहीं. ती वाचली गेली, सभागृह हसलें, मीहि हसलों. दुसऱ्या दिवशीं पाठांतराच्या स्पर्धेंत त्याचें नांव पुकारलें तेव्हां तो आलेला नव्हता. पुढें दोन वर्षें तो माझ्या वर्गांत बसला. पण श्लोक म्हणण्यासाठीं त्यानें पुन्हां हात वर केला नाहीं, आणि मींहि त्याला उठवलें नाहीं, कारण मला त्याच्याकडे पाहण्याचा संकोच वाटे.

भरतमुनींच्या नाट्यशास्त्राचा पहिला अध्याय मीं तरुणपणींच वाचलेला होता. इंद्रध्वजाच्या उत्सवांत पहिला नाट्यप्रयोग झाला आणि त्यांत दैत्यांचा पराभव दाखविला. दैत्यांना तो आपला अपमान वाटला; त्यांच्या बाजूच्या विघ्नांनीं नटांची वाचा, हालचाल आणि स्मृति जखडून टाकली. इंद्रानें ध्वजदंड उचलून त्यांना बडवलें. पण तेवढ्यानें भागलें नाहीं. शेवटीं ब्रह्मदेवानें दैत्यांनाच बोलावून विचारलें, तुम्हीं हें कां केलें? त्यांचें गाऱ्हाणें ऐकून घेऊन मग त्यानें नाट्य हें देवांचें एकट्यांचें नसून त्रैलोक्याचें आहे, असें त्यांना समजावलें. उत्सवांत ज्याची फजिती होते त्याला आधीं विचारावें, ही गोष्ट पोथींत होती आणि माझ्या डोक्यांत नव्हती. आमच्या गोष्टींत तर वाचा गेली ती ज्याची थट्टा झाली त्याचीच.

दुसऱ्या वर्षीं शिक्षकांच्या सभेंत शेलापागोटे बंद करण्याचें ठरत होतें. त्या वेळची चिटणीस मुलगी आंत आली व म्हणाली, "सर, बंद करूं नका. चिठ्ठी ज्याच्यावर असेल त्याच्या हातीं ती आदल्या दिवशीं देऊं या. तो स्वतः व्यासपीठावर येऊन वाचील तरच ती वाचावयाची. नाहीं तर त्यानें ती फाडून टाकावी, कोणीं विचारूं नये." तसें केलें. १०० च्या वर चिठ्ठ्या पडल्या होत्या, त्यांतील चाळीसेक वाचल्या गेल्या, आणि हशा आदल्या वर्षींपेक्षां मोठा झाला. कारण आपल्या जाडेपणावरची चिठ्ठी मुलगा स्वतःच ठसक्यांत वाचीत होता. मुख्याध्यापकांनींहि आपल्या टकलावरची वाचली. फाडलेल्या चिठ्ठ्यांत काय होतें, तें मला अजून ठाऊक नाहीं.

हें सारें ऐकून आमच्या चिटणीसबाईंनीं वहींत फक्त एक ओळ लिहिली. मग पेन खालीं ठेवून विचारलें, "आबा, तो मुलगा आतां कुठें असतो?" मला ठाऊक नव्हतें. ती कांहीं बोलली नाहीं. थोड्या वेळानें उठून मातोश्रींच्या खोलींत गेली, आणि आपलें मापटें माळ्यावर आहे कीं तें कोणाला दिलें, यावर त्या दोघींचा बराच वेळ वाद चाललेला ऐकूं येत होता.